सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन कोयासान: मंदिरातलं जेवण चातुर्मासात चालेल का?

मोगरा_नागोया

नमस्कार मंडळी, जपानात राहणाऱ्यांना किंवा जाऊन आलेल्यांना विचारतेय. आम्ही नागोयाला असतो, मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. दिवाळीला सासू-सासरे नाशिकहून येतायत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचंय. मागच्या खेपेला क्योतो केलं, गर्दीत चालून चालून सासूबाईंच्या गुडघ्याला सूज आली, म्हणून या वेळी एकच ठिकाण धरायचं आणि निवांत राहायचं. नवऱ्याच्या डोक्यात कोयासान आहे, ओसाकाच्या दक्षिणेला डोंगरावरचं बौद्ध मंदिरांचं गाव, तिथे मंदिरातच राहता येतं आणि जेवण पूर्ण शाकाहारी असतं असं त्याला ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं.

माझी खरी काळजी जेवणाचीच आहे. सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यात चातुर्मास चालू असणार, म्हणजे कांदा, लसूण, वांगं काहीच नाही. मागच्या वेळी एका हॉटेलात व्हेज सांगून मागवलेल्या उडोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, रश्श्यात मासा होता हे खाऊन झाल्यावर कळलं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत पण पुढचे दोन दिवस नुसता दहीभात खाल्ला, आणि ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. परत तसं व्हायला नको आहे.

तर मंदिरातल्या जेवणात खरंच माशाचं काही नसतं का, एक रात्र राहावं की दिवसात जाऊन यावं, जमिनीवर बसायचा प्रश्न कसा सोडवायचा, आणि आमचं घर वारकरी आहे, सासरे रोज हरिपाठ म्हणतात, तर बौद्ध मंदिरातल्या सकाळच्या प्रार्थनेला आम्ही बसलेलं चालतं का? कोणी मोठ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

नांबा_लोकल

ताई, ओसाकात नऊ वर्षं आहे, कोयासानला चारदा गेलोय, त्यातलं एकदा आईबाबांना घेऊन. आधी जेवणाचं सांगतो.

तिथल्या मंदिरात जे वाढतात त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. मांस, मासे, अंडी नाहीत, आणि जुन्या नियमाने कांदा, लसूण, पात असल्या उग्र भाज्याही नाहीत. म्हणजे कांदा-लसणाचं तुम्हाला समजावत बसायला लागत नाही, तो त्यांचाच नियम आहे. तुम्ही ज्याने पोळला होतात तो रस्सा कात्सुओ-दाशीचा, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या अर्काचा, मंदिरात तेच दाशी कोंबु म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मश्रूम भिजवून करतात. सासूबाई मश्रूम खात नसतील तर मात्र ते आधीच सांगायला लागेल कारण मग रश्श्यापासून सगळंच बदलतं.

आणि वांगं! हे महत्त्वाचं. वांग्याला त्यांच्याकडे काही अडचण नाही, तेम्पुरात, म्हणजे जपानी भज्यांत, किंवा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, लावून हमखास येऊ शकतं. बुकिंग करतानाच लिहा, नासु (वांगं) नको, तामानेगी (कांदा) नको, निन्निकु (लसूण) नको, कात्सुओ-दाशी नको. शेवटच्या तीन गोष्टी त्यांच्याकडे नसल्या तरी लिहा, लिहिलेलं असलं की आपल्यालाच शांत वाटतं.

ताटात काय असतं तर गोमा-दोफु, नाव तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नाही, तीळ वाटून कुझु नावाच्या कंदाच्या स्टार्चमध्ये घोटून घट्ट करतात, मऊ लुसलुशीत लागतं, त्यावर थोडं वसाबी, म्हणजे झणझणीत हिरवी पेस्ट, असतं ते बाजूला काढून ठेवायला सांगा नाहीतर मुलं रडतील. मग कोया-दोफु, हे नावच त्या डोंगराचं, थंडीत बाहेर राहिलेला तोफू गोठला आणि त्यातून हे निघालं अशी गोष्ट सांगतात, स्पंजासारखा असतो आणि रस्सा धरून ठेवतो. भाज्यांचा तेम्पुरा, एखादी उकडलेली भाजी, लोणची, मिसो सूप, भात. पाच रंग, पाच चवी आणि शिजवायच्या पाच पद्धती एका जेवणात याव्यात असा विचार त्यामागे असतो. वसाबी सोडलं तर तिखट काहीच नाही. माझ्या बाबांना पहिल्या घासाला ते बेचव वाटलं आणि जेवण संपेपर्यंत भात दोनदा घेतला त्यांनी, त्यामुळे पहिल्या घासावर जाऊ नका.

रात्र राहाच. नागोयाहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, मग ओसाकातलं नांबा स्टेशन, मग नानकाई लाईनने डोंगराखालचं गोकुराकुबाशी, मग केबल कार, मग बस, आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं, म्हाताऱ्या माणसांचा त्यात जीव जाईल. नांबाहून थेट लिमिटेड एक्सप्रेस आहे, साधारण दीड तासाच्या आत गोकुराकुबाशीला पोचते, तिचं सीट आधी घ्या, साध्या गाडीने हाशिमोतोला बदलायला लागू शकतं. तिथून वर केबल कार पाच मिनिटांची आणि मुलांना फार आवडते. वरच्या स्टेशनपासून गावापर्यंतच्या रस्त्याने चालत जाता येत नाही, तो बसचाच आहे, म्हणून सामान उचलून चालायचं टेन्शन नाही.

आणि राहिल्याशिवाय सकाळ मिळत नाही, तिथलं खरं ते सकाळीच आहे.

बोधीवृक्षाखाली

जय भीम, नमो बुद्धाय. वरच्या प्रतिसादात जेवणाची माहिती नीट आलीय, त्यात एक भर घालतो कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

बौद्ध मंदिर म्हणजे शाकाहारी जेवण असं सगळीकडे धरू नका. मी लहानपणापासून विहारात वाढलो, आमच्याकडे भंतेजींना भोजनदान असलं की ज्या घरात जे शिजायचं ते यायचं. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, भिक्खूने जे दान मिळेल ते घ्यायचं, फक्त तो प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा त्याची शंका असलेलं मांस नको. देवदत्त नावाच्या भिक्खूने मांस-मासे सगळ्यांनाच बंद करा म्हणून मागणी केली होती ती बुद्धांनी मान्य केली नव्हती. श्रीलंका, थायलंडकडे आजही तसंच चालतं. महायानात लंकावतार सूत्रासारख्या ग्रंथांनी मांसाला ठाम नकार दिला आणि चीनमधल्या मठांनी तो नियम पक्का केला, तिथून तो जपानात आला. जपानात 1872 मध्ये सरकारनेच भिक्खूंना मांस खायची आणि लग्न करायची मोकळीक दिली, त्यामुळे तिथला पुजारी घरी काय खातो हा वेगळा विषय, पण मंदिरात पाहुण्यांपुढे येणारं ताट शोजिनचंच असतं.

हे सगळं लिहायचं कारण असं की सासूबाईंना नेताना फक्त व्हेज मिळतं म्हणून नेऊ नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओकुनोइनमध्ये, म्हणजे कुकाईंच्या समाधीच्या जागी, सकाळी साडेदहाला उभा होतो. कुकाई, म्हणजे कोयासानचे संस्थापक, ज्यांना तिथे कोबो दाइशी म्हणतात, ते 835 पासून तिथे समाधीत बसलेत असं त्यांचे अनुयायी मानतात, गेले असं म्हणत नाहीत. म्हणून रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, त्यांच्यासाठी जेवण जातं. भिक्खू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन निघतात, आधी वाटेतल्या जिझो बोधिसत्त्वापुढे चव दाखवायला थांबतात आणि मग पूल ओलांडून आत. माझ्या लक्षात आलं की दोन्ही जेवणं दुपारच्या आत आहेत, आमच्या भंतेजींचा विकाल-भोजनाचा, म्हणजे दुपारनंतर न जेवण्याचा, नियम, तोच, इतक्या लांब, इतक्या वर्षांनी. मला तिथे भरून आलं हे लिहायला मला काही वाटत नाही.

सासरे हरिपाठ म्हणतात ना, मग त्यांना सकाळच्या प्रार्थनेला नक्की बसवा. कोणी धर्म विचारत नाही. शांत बसायचं, फोन बंद, पाय मूर्तीकडे पसरायचे नाहीत, उदबत्तीची चिमूट वाहायला बोलावलं तर पुढच्याचं बघून करायचं, आणि नको वाटलं तर नुसते हात जोडले तरी चालतं.

दोन_पिल्लांची_आई

मी जरा वेगळं सांगते, सगळे राहा राहा म्हणतायत पण पाच वर्षांचा मुलगा घेऊन राहणं सोपं नाहीये. आम्ही गेलो तेव्हा माझा चार वर्षांचा होता. खोल्यांमध्ये भिंती नसतात, सरकते कागदी दरवाजे, शेजारचा माणूस खोकला तरी ऐकू येतो, आणि संध्याकाळी जेवण सहाच्या आसपासच होतं, त्यानंतर करायला काही नाही, त्याने सात वाजल्यापासून तातामीवर, म्हणजे खोलीतल्या जाड चटयांवर, उड्या मारायला सुरुवात केली आणि मी रात्रभर कानकोंडी होऊन बसले. बऱ्याच ठिकाणी टॉयलेट-बाथरूम कॉमन असतात आणि ओफुरो, म्हणजे गरम पाण्याचं न्हाणीघर, सगळ्यांचं एकत्र, बायकांचं वेगळं पुरुषांचं वेगळं पण कपडे न घालता, आपल्या मोठ्या बायकांना ते जमत नाही. स्वतंत्र टॉयलेटवाली खोली काही मंदिरांत मिळते, थोडे पैसे जास्त पडले तरी सासूबाईंसाठी तीच घ्या, रात्री गार व्हरांड्यातून अंधारात गुडघे दुखत जायला नको.

नोव्हेंबरात थंडी पण खूप असते बरं का, ते आठशे मीटरच्या वर आहे, ओसाकात स्वेटर लागत नाही आणि वर जॅकेट लागतं. खोलीत हीटर देतात पण बाहेर पडलं की गारठा, मोजे जाड घ्या कारण आत बूट काढूनच फिरायचं.

राहायचं नसेल तर काही मंदिरं दुपारचं शोजिन जेवण पण देतात, पण आधी कळवावं लागतं. आम्ही एकदा न कळवता गेलो, त्या माणसाने इतकं नम्रपणे वाकून नाही म्हटलं की रागवताही आलं नाही, आणि दुपारभर मुलं उपाशी. आणि आपलं एक लोणच्याचं पाकीट, मेतकूट वगैरे ठेवाच जवळ, भात तर मिळतोच.

तुमच्या मुलांना कसली अ‍ॅलर्जी नाहीये ना? तीळ फार असतात त्या जेवणात.

मोगरा_नागोया

बापरे, बरं झालं विचारलंत. धाकट्याला तिळाची आहे! फार गंभीर नाही, अंगावर पित्त उठतं आणि ओठ सुजतात, घरी औषध आहे. मी गोमा-दोफुचं वाचलं तेव्हा डोक्यात फक्त सासूबाई होत्या, मुलाचा विचारच आला नाही. आता काय करू, रद्द करू का?

लोणच्याचं पण सांगा कोणीतरी. ताटात आपलं लोणचं घेतलं तर त्यांना वाईट वाटेल का?

नांबा_लोकल

ताई रद्द नका करू पण बुक करायच्या आधी विचारा, नंतर नाही. ईमेलवर नको, फोनवर बोला किंवा नवऱ्याच्या ऑफिसातल्या जपानी माणसाकडून बोलून घ्या, गोमा अरेरुगी म्हणजे तिळाची अ‍ॅलर्जी आहे, गोमा-आबुरा म्हणजे तिळाचं तेल पण नको, असं स्पष्ट. तिळाचं तेल, तिळाचं कूट, ड्रेसिंग सगळीकडे असतं, आणि गोमा-दोफु रोज करणाऱ्या स्वयंपाकघरात भांड्यांना तीळ लागलेलेच असणार. काही मंदिरं सांगतात वेगळं करून देऊ, काही सरळ सांगतात की आम्ही खात्री देऊ शकत नाही. जे खात्री देत नाहीत त्यांचे आभार मानून दुसरीकडे फोन करा, ते खरं बोलतायत. डॉक्टरांना पण एकदा विचारून घ्या आणि औषध बॅगेत नाही, खिशात ठेवा, वरती गाव लहान आहे. त्याच्यासाठी साधा भात, उकडलेल्या भाज्या, फळं एवढंच मागितलं तरी पोट भरेल.

बोधीवृक्ष यांनी लिहिलं त्यात एक भर, सासऱ्यांसाठी. ओकुनोइनच्या वाटेवर दोन लाखांहून जास्त थडगी आहेत, देवदारांसारखी उंचच उंच झाडं आणि खाली शेवाळलेले दगड. त्यात पाच तुकडे एकावर एक ठेवलेले स्तंभ दिसतील, गोरिन्तो. खालचा चौकोन पृथ्वी, मग गोल म्हणजे पाणी, मग अग्नी, वायू, आणि सगळ्यात वर आकाश. आपलीच पंचमहाभूतं. आणि बऱ्याच स्तंभांवर प्रत्येक तुकड्यावर एकेक अक्षर कोरलेलं असतं, खालून वर अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम आहे, देवनागरीसारखी हुबेहूब नाही पण त्याच घरातली, एकदा ओळख पटली की सुटत नाही. कुकाई 804 मध्ये चीनला गेले होते, तिथे नालंदेत शिकलेल्या प्रज्ञा नावाच्या भिक्खूकडे संस्कृत शिकले, 806 मध्ये परतले आणि 816 मध्ये त्यांना हा डोंगर मिळाला. बाराशे वर्षं झाली आणि तिथले पुजारी अजून ती अक्षरं लिहितात. नुसत्या अ या अक्षरावर ध्यान करायची त्यांची एक पद्धत पण आहे, आजिकान.

चालायचं म्हणाल तर इचिनोहाशी या सुरुवातीच्या पुलापासून ओकुनोइनची पूर्ण वाट दोन किलोमीटर आहे, सासूबाईंना ओकुनोइन-माए या बस स्टॉपवरून न्या, तिकडून अंतर जवळपास निम्मं होतं. शेवटच्या पुलाच्या पुढे फोटो काढायचा नाही, टोपी काढायची, काही खायचं-प्यायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

बोधीवृक्षाखाली

लोणच्याबद्दल माझं प्रामाणिक मत, वाढलेल्या ताटात घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही, ते बिचारे काही बोलणार पण नाहीत. जो माणूस पहाटे उठून तीळ वाटतो, रंग-चव बघून पाच-सात लहान वाट्या लावतो त्याने त्यात काही ठरवलेलं असतं, एक जेवण तसंच जेवून बघावं. शिवाय आपल्या काही लोणच्या-चटण्यांत लसूण असतो, जो त्या आवारात ते मुद्दाम आणत नाहीत. प्रवासात, ट्रेनमध्ये खा की. आणि ताटात उरवू नका, नको असलेलं आधी सांगा, वाढल्यावर टाकू नका, हे मात्र मुलांना नक्की शिकवा.

एक गोष्ट दहा वर्षांच्या मुलीसाठी. केबल कारवरून गावात येताना बस न्योनिन्दो नावाच्या स्टॉपला थांबते. 1872 पर्यंत बायकांना या डोंगरावर आत यायला बंदी होती. सात वाटांवर सात न्योनिन्दो, म्हणजे बायकांसाठीची देवळं, होते, बायका तिथपर्यंत यायच्या, तिथेच राहायच्या, तिथूनच प्रार्थना करायच्या आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून आत दिसतं का ते बघायच्या. त्यातला हा एकच उरलाय. आजी आणि नातीने मिळून तिथे उतरावं असं मला मनापासून वाटतं. दहा मिनिटंच लागतील.

दोन_पिल्लांची_आई

हे मला माहीतच नव्हतं, आम्ही बसमधून तिथून सरळ पुढे गेलो. पुन्हा गेले की उतरणार.

लोणच्याचं पटलं नाही पूर्ण, आजारी किंवा म्हातारं माणूस उपाशी राहिलं तर तेही बरोबर नाही, पण मेतकूट खोलीत परत आल्यावर दुधात वगैरे घेता येईल, तसं करा.

मोगरा_नागोया

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, सासू-सासरे कालच परत गेले. पुढच्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहिते.

पाच मंदिरांना फोन केले. दोघांनी तिळाचं ऐकून सरळ नाही म्हटलं, एकाकडे जागा नव्हती, एकाने फॉर्म पाठवला ज्यात जपानीत सगळं भरायचं होतं, पाचव्याने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला आणि विचारलं की मुलगा सोया खातो ना, मश्रूम खातो ना, वय किती, आणि म्हणाले त्याचं वेगळ्या भांड्यात करू. गेल्यावर त्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी होती आणि गोमा-दोफुच्या जागी गाजराची फुलं कापून ठेवलेली. मी त्या तरुण भिक्खूला दोनदा वाकून नमस्कार केला, अजून करावासा वाटत होता. पित्त उठलं नाही.

सासूबाईंच्या ताटात वांगं नव्हतं, त्यांच्यासाठी भोपळा होता. गुडघ्यासाठी लहान खुर्ची आणि उंच टेबल मागितलं होतं ते जेवायच्या हॉलमध्ये तयार होतं, प्रार्थनेच्या ठिकाणी पण स्टुलं होती, ज्यांना लागेल त्यांनी घ्यायची. ही खुर्ची बुकिंगच्या वेळीच मागा. जेवताना त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मला परत ते दहीभाताचे दोन दिवस आठवायला लागले. मग कोया-दोफुची वाटी उचलून म्हणाल्या, यातलं पाणी कसलं आहे, गोडसर लागतंय, विचार ना. मी विचारलं, कोंबु आणि शिताके. मग म्हणाल्या, म्हणजे मी हे सगळं खाऊ शकते. आणि खाल्लं. शेवाळाचा वास त्यांना आवडला नाही, तो कोणालाच लगेच आवडत नसावा, पण वाटी रिकामी केली. लोणच्याचं पाकीट येतानाच्या ट्रेनमध्ये फोडलं.

न्योनिन्दोला उतरलो. मुलीने विचारलं की आई लोकांना पण नाही? कुकाईंच्या आईला पण नाही? मला उत्तर माहीत नव्हतं, सासूबाईच म्हणाल्या की आपल्याकडेही किती देवळांत गाभाऱ्यात बायकांना जाऊ देत नव्हते, अजून काही ठिकाणी नाही. मग त्या आत जाऊन बराच वेळ बसल्या. आजी-नात दोघीच. मी आणि नवरा धाकट्याला घेऊन बाहेर थांबलो.

सकाळची प्रार्थना सहा वाजता होती, खूप थंडी, मुलगा नवऱ्याच्या जॅकेटमध्ये झोपला होता. सासरे शेवटपर्यंत ताठ बसले. नंतर म्हणाले अर्थ कळला नाही पण मध्ये मध्ये संस्कृतासारखं काहीतरी ऐकू येत होतं, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं. ओकुनोइनमध्ये ते प्रत्येक दगडापाशी थांबत होते, नांबा_लोकल तुम्ही लिहिलेली पाच अक्षरं मी कागदावर उतरवून दिली होती. व आणि र त्यांना पटकन सापडले. अ सापडायला वेळ लागला, शेवाळात बुजलेला होता, त्यांनी काठीने नाही, बोटाने हळूच पुसलं. साडेदहाचं जेवण आत जाताना पण बघितलं, त्या पेटीच्या मागे मागे मुलगी पुलापर्यंत गेली.

एक चूक झाली ती सांगते, आम्ही फक्त एकच रात्र ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीचं तिकीट काढलेलं, त्यामुळे गारान हा मुख्य मंदिरांचा परिसर आणि कोंगोबुजी हे मुख्य मंदिर धावत बघितले, सासूबाईंना तर बाकावरच बसवून ठेवलं. मोठ्या माणसांना नेणार असाल तर दोन रात्री ठेवा, किंवा पहिल्या दिवशी दुपारी एकच्या आत वर पोचा. आणि खोलीतला हीटर मध्यरात्री आपोआप बंद होतो, तो परत कसा लावायचा ते झोपायच्या आधी विचारून घ्या, आम्ही पहाटे तीनला टॉर्च लावून जपानी बटणं वाचत होतो.